मुलांच्या ओठी मराठी नाताळ : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे जीवनस्मरण



आगमनकाळ सुरू झाला की नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती शाळांच्या आवारात एक वेगळीच लगबग दिसू लागते. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांची चांदणी तयार होते, गव्हाणीसाठी कुणाच्या तरी शेतातून कडब्याच्या पेंढ्या येतात, आजोबांची घोंगडी मेंढपाळ होणाऱ्या नातवाच्या खांद्यावर चढते आणि शिक्षिका देवदूतांच्या पंखांना चंदेरी कागद चिकटवीत बसतात. ठरलेल्या दिवशी प्रथम छोटीशी उपासना होते. संत लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला जातो, प्रार्थना होते आणि मग ख्रिस्तजन्माची नाटिका व गीते सादर होतात. समोर ख्रिस्ती कुटुंबे असतात, तसेच हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन पालकही असतात. प्रभू येशूच्या जन्माची वार्ता इतक्या विविध माणसांनी एकत्र बसून ऐकावी, असा दुसरा प्रसंग वर्षात क्वचितच येतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शाळेच्या कार्यक्रमास आम्ही उपस्थित होतो. ध्वनिफितीवर एक इंग्रजी गीत लावलेले होते आणि देवदूत झालेल्या मुली त्यावर हातवारे करीत होत्या. मध्येच वीज गेली. गीत थांबले आणि मुलीही थांबल्या, कारण त्या गीताचे शब्द त्यांपैकी एकीलाही येत नव्हते. जनित्र येईपर्यंत बराच वेळ गेला. त्या अंधारात मागच्या रांगेतील काही आजीबाईंनी आपल्यापुरतेच एक जुने मराठी भजन म्हणावयास सुरुवात केली. पाच-सहा मुलींनी त्यांच्या सुरात सूर मिसळला, बाकीच्या नुसत्या ऐकत राहिल्या. वीज आली, कार्यक्रम पुढे सरकला आणि ती गोष्ट बहुतेक जण विसरून गेले. आम्हांला मात्र ती विसरता आली नाही. त्या आजीबाईंना प्रभूचे गाणे आपल्या भाषेत आणि आपल्या चालीत तोंडपाठ होते, ते कुणाच्या पुण्याईने? या प्रश्नाचा मागोवा घेताना ज्या एका नावापाशी यावेच लागते, ते नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळक कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी सेवा केली. परंतु त्यांच्या कर्मभूमीचा बराचसा भाग आज आपल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतो आणि त्यांच्या वाणीचे ऋण मराठी ख्रिस्ती माणसावर, तो कोणत्याही पंथाचा असो, सारखेच आहे. म्हणून या नाताळात त्यांच्या जीवनाचे स्मरण करावे, असे आम्हांस वाटले.

आईच्या ओव्यांपासून

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्यप्रेमी होती. ओव्या, अभंग, संतांच्या कथा यांचा संस्कार बालपणी नारायणाला आईकडूनच झाला. ही माऊली तो लहान असतानाच निवर्तली आणि त्याचे घराशी असलेले नाते जणू तुटले. पुढे तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृत काव्याचे अध्ययन केले आणि काही काळ इंग्रजी शाळेतही शिक्षण घेतले. पदवी त्याच्या वाट्याला आली नाही, तरी संस्कृतावरील प्रभुत्व आणि मराठी संतवाणीचे प्रेम ही शिदोरी त्याला आयुष्यभर पुरली.

नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा वधूचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. याच पुढे महाराष्ट्राला परिचित झालेल्या लक्ष्मीबाई टिळक होत. लग्नानंतरची वर्षे मोठ्या अस्थिरतेत गेली. टिळकांचा स्वभाव तापट, उदार आणि मनस्वी. एका गावी शिक्षकाची नोकरी धरावी, काही महिन्यांत ती सोडावी, न सांगता कोठे तरी निघून जावे, असे वारंवार घडत असे. हातातील पैसा समोर आलेल्या गरजवंताला देऊन टाकताना घरात पीठ आहे की नाही, याचे त्यांना भान राहत नसे. या ओढाताणीची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागली. आपण ज्यांचे गुण गातो त्यांच्या उणिवाही सांगाव्यात, हे चरित्रकाराचे कर्तव्य आहे. आणि टिळकांच्या बाबतीत ते काम खुद्द लक्ष्मीबाईंनीच 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात अत्यंत प्रेमाने आणि तितक्याच खट्याळपणे करून ठेवले आहे.

आगगाडीतील भेट

पुढे टिळक नागपूरला गेले. तेथे आप्पासाहेब बुटी या धनिक विद्याप्रेमी गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व 'ऋषी' नावाचे मासिकही चालविले. हिंदू धर्मातील रूढी, विशेषतः जातिभेद, त्यांना अस्वस्थ करीत होते. देशाचा उद्धार व्हावयाचा तर माणसामाणसांतील ही भिंत पडली पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात घर करून होता. अशा मनःस्थितीत १८९३ साली राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची भेट झाली. बोलण्याच्या ओघात त्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि हा तरुण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होईल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरीही दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ते खाली ठेववेना. ज्या प्रश्नांची उत्तरे ते इतकी वर्षे शोधीत होते, ती तेथे सापडल्याचा प्रत्यय त्यांना आला.

या काळात मुंबईचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो विधी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न होता आपल्याच देशातील धर्मसेवकाच्या हातून व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. या लहानशा गोष्टीत टिळकांच्या पुढील कार्याचे बीज आहे. ख्रिस्ताकडे जाताना आपला देश, आपली भाषा, आपले संत मागे टाकावे लागतात, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे ते सांगत असत.

मोडलेले घर

परंतु या निर्णयाची फार मोठी किंमत त्यांना आणि त्यांच्याहून अधिक लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता कळताच त्या दुःखाने कोसळल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे पती जिवंत असूनही त्या एकट्या झाल्या. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांनी वर्षे काढली. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. टिळक पत्रे लिहीत, कविता पाठवीत, भेटीस येत. पण एकत्र राहणे शक्य नव्हते. जवळजवळ पाच वर्षे हे घर असे दुभंगलेले होते.

टिळकांनी या काळात कार्यक्षेत्र म्हणून नगर निवडले. तेथे रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांनी स्थापन केलेल्या ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात ते शिकवू लागले. नगर हे त्या वेळी मराठी ख्रिस्ती जीवनाचे एक प्रमुख केंद्र होते. अमेरिकन मिशनचे काम येथे १८३१ पासून चालू होते, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली येथेच सुरू झाले होते आणि सिंथिया फॅरार यांच्यासारख्या शिक्षिकांनी १८३९ पासून येथे मुलींच्या शिक्षणाचा पाया घातला होता. ज्योतिराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा देणाऱ्या शाळा त्या याच.

या शाळांतून आणि प्रार्थनामंदिरांतून उपासना मराठीत होत असे. गीतेही मराठीत होती. मात्र त्यांतील बरीचशी परदेशी गीतांची भाषांतरे होती आणि ती परदेशी चालींवर बसविलेली असत. मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि चालीचा ठेका दुसरीकडे, अशी ओढाताण होई. त्याला अपवाद नव्हते असे नाही. नगरचेच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट टिळकांच्या आधी घालून दिली होती. तरीही पुष्कळांच्या मनात एक भीती होती. ज्या धर्माचा त्याग करून आलो त्याचेच टाळ-मृदंग पुन्हा हाती घेतले, तर माणसे मागे ओढली जाणार नाहीत काय? ही भीती केवळ परदेशी मिशनऱ्यांना वाटत होती असे नव्हे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या, गावकुसाबाहेरचे जिणे भोगून आलेल्या कुटुंबांनाही ती वाटणे स्वाभाविक होते. त्या भीतीला हसण्यावारी न नेता टिळकांनी तिचे उत्तर रचनेतून दिले.

राहुरीची वर्षे आणि दुष्काळातील मुले

१८९९-१९०० चा दुष्काळ छप्पनचा दुष्काळ म्हणून आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येतो. नगर जिल्ह्याला त्याचा मोठा तडाखा बसला. प्लेगची साथही त्याच सुमाराची. अनाथ झालेल्या मुलामुलींना मिशनच्या वसतिगृहांत आणि शाळांत आश्रय देण्यात आला. याच काळात लक्ष्मीबाई दत्तूसह टिळकांकडे परतल्या. प्रारंभी त्या आपले सोवळे सांभाळून निराळा स्वयंपाक करीत. टिळकांनी त्यांच्यावर कोणतीही सक्ती केली नाही. राहुरीच्या वास्तव्यात, चारही बाजूंना माणसे भुकेने आणि रोगाने मरत असताना, जातीच्या भिंती देवाने उभारलेल्या नाहीत, माणसांनीच उभारल्या आहेत, असा निर्वाळा त्यांच्या अंतःकरणाने त्यांना दिला. त्यांनी सोवळे सोडले आणि १९०० साली मुलासह बाप्तिस्मा घेतला. मोडलेले घर पुन्हा उभे राहिले आणि त्याचे दार आता सर्वांना उघडे होते. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांनाही त्या घरात आसरा मिळाला.

राहुरी हे नाव मराठी भक्तिसाहित्यात अपरिचित नाही. 'भक्तविजय' लिहून संतांची चरित्रे घरोघरी पोहोचविणारे महिपती याच तालुक्यातील ताहाराबादचे. ज्ञानेश्वरी १२९० साली सांगितली गेली ते नेवासेही याच जिल्ह्यात. ओवी आणि अभंग यांचे माहेरच जेथे, तेथे टिळक आपली ख्रिस्तभक्ती गाऊ लागले. ज्या अ‍ॅबट साहेबांनी टिळकांना ख्रिस्ताकडे येताना साथ दिली, त्यांनीच पुढे महिपतींच्या ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर करण्यास आपले उत्तरायुष्य वाहिले, हा योगायोगही येथे ध्यानात घेण्यासारखा आहे.

१९०४ साली टिळकांना धर्मसेवकाची दीक्षा मिळाली. त्यांच्या लेखणीतून उपासनेची गीते, भजने, अभंग, आरत्या यांचा ओघ वाहू लागला. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांना फार मोठे स्थान मिळाले. 'अभंगांजली'मध्ये त्यांची अंतरंगातील प्रार्थना आहे. या रचनांत ख्रिस्त हा दूरदेशीचा राजा नसून माऊली आहे, सखा आहे, सद्‌गुरू आहे. ज्याने पंढरीची वाट चालणाऱ्या माणसाची आर्तता ऐकली आहे, त्याला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही.

फुलामुलांचे कवी

मराठी साहित्यात टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. पाने, फुले, पाखरे आणि लहान मुले हे त्यांच्या कवितेचे आवडते विषय. मिशनतर्फे निघणाऱ्या 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांच्या घरी मुलांचा राबता असे. एक तरुण कवीही त्या घरात पुत्रवत वाढला. तो म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपणा सर्वांचे बालकवी. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात ज्याच्या प्रतिभेचा गौरव झाला, त्या मुलाला टिळक पतिपत्नींनी नगरच्या आपल्या घरी ठेवून घेतले. धर्म बदलण्याची अट त्यास कधी घातली गेली नाही.

मुलांसाठी लिहिताना टिळक शब्द सोपे ठेवीत, पण अर्थ उथळ होऊ देत नसत. लहान मूल गाणे प्रथम कानाने आणि पायाने शिकते, अर्थ मागाहून येतो. ठेका ओळखीचा असेल तर गाणे पाठ होते. पाठ झाले की ते वयाबरोबर वाढत जाते आणि संकटाच्या वेळी आपोआप ओठांवर येते. मागच्या रांगेतील त्या आजीबाई अंधारात जे गात होत्या, ते त्यांना असेच कधीतरी लहानपणी मिळालेले असणार.

नाताळच्या दृष्टीने पाहता टिळकांनी बळ दिलेल्या दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे भजन. टाळ, मृदंग, एकतारी आणि एकाने म्हटलेले चरण सर्वांनी उचलून धरणे. यात गाणारे आणि ऐकणारे असे दोन तट राहत नाहीत. ज्याला वाचता येत नाही तोही उपासनेत पूर्ण सहभागी होतो. दुसरी म्हणजे कीर्तन. पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण, मध्ये सर्वांचे भजन, उत्तररंगात आख्यान आणि शेवटी आरती, हा त्याचा क्रम. ख्रिस्तजन्माची कथा या साच्यात सहज बसते. शिरगणतीसाठी नासरेथहून बेथलेहेमकडे निघालेले योसेफ आणि मरिया, धर्मशाळेत न मिळालेली जागा, मेंढपाळांना झालेले दर्शन, पूर्वेचे ज्ञानी, हेरोदाचा कपटी डाव. यांत करुण, अद्भुत आणि भयानक असे सारे रस आहेत. त्यात पाळण्याची भर पडली की चित्र पूर्ण होते. मराठी घरात बारशाला पाळणा म्हणतात, रामनवमीला आणि गोकुळाष्टमीला म्हणतात. त्यामुळे बाळ येशूच्या पाळण्याला कोणत्याही धर्माच्या आईचा हात सहज लागतो.

ख्रिस्तसभेची जुनीच रीत

टिळकांनी काही विपरीत केले असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेच्या इतिहासातील काही प्रसंग आठवणे उपयुक्त ठरेल. नाताळची गव्हाण आज आपणांस अनादी वाटते; परंतु असिसीकर संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो या डोंगराळ गावी गवत, बैल आणि गाढव आणून तो देखावा उभा केला, तो तेथील साध्या खेडुतांना बेथलेहेम डोळ्यांनी दिसावे म्हणून. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबरनडॉर्फ येथे जे शांत रात्रीचे गीत प्रथम गायिले गेले, ते धर्मगुरू जोसेफ मोर यांनी जर्मनमध्ये, लोकांच्या भाषेत, लिहिलेले होते. त्याला चाल लावली फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तरांनी आणि साथ होती गिटारची. उलटपक्षी, नगरला आलेल्या मिशनऱ्यांचा मूळ प्रदेश जो न्यू इंग्लंड, तेथील मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करण्यावर बंदी होती. ती १६८१ साली उठली, तरी नाताळला सुट्टीचा दर्जा मिळावयास १८५६ साल उजाडले. सांगावयाचे ते इतकेच की नाताळचे बाह्य रूप कोठेही स्वर्गातून तयार होऊन आलेले नाही. प्रत्येक समाजाने ते आपल्या हाताने घडविले आहे.

आपल्या मराठी भूमीत तर याची परंपरा टिळकांहून तीन शतके जुनी आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध मराठीत रचलेली ती ख्रिस्तकथा साष्टीतील भाविकांच्या कानी-मनी रुजली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. भाषा दाबली गेली की प्रार्थनाही मुकी होते, हे तेव्हा अनेकांनी अनुभवले असेल. टिळकांनीही अखेरच्या काळात ख्रिस्तचरित्राचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ज्या स्त्रीला लग्नात लिहिता-वाचता येत नव्हते, तिने पतीचे महाकाव्य पुढे न्यावे, ही घटना स्वतःच एका आख्यानाचा विषय आहे.

देवाचा दरबार

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते. मिशनचा पगार, मिशनचा बंगला आणि मिशनची शिस्त यांच्या चौकटीत भारतीय ख्रिस्ती माणूस परावलंबी होत आहे, ही जाणीव मात्र त्यांना टोचत होती. १९१७ साली त्यांनी पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणारे असे सर्व तेथे बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. ती सर्वांना मान्य झाली नाही. आमच्या ख्रिस्तसभेची शिकवणही बाप्तिस्म्याविषयी निराळी आणि स्पष्ट आहे. तथापि त्यामागील तळमळ खरी होती, हे कोणीही नाकारणार नाही. हा प्रयोग बहरण्याआधीच त्यांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आदल्याच वर्षी, मे महिन्यातच, बालकवींचा रेल्वे अपघातात अंत झाला होता.

टिळकांनी सोडलेले बीज मात्र नगरच्या मातीत रुजले. त्यांच्या विचाराने प्रभावित झालेले अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली नगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली आणि १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी आत्मचरित्रांत तिने मानाचे स्थान मिळविले. १९३६ साली त्याही प्रभुचरणी गेल्या. आणि ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला, तेव्हा लोकभाषेला उपासनेत वाव मिळाला आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य तो मान द्यावा, असे अधिकृतपणे सांगितले गेले. त्यानंतर आपल्या वेदीभोवतीही टाळ-मृदंग निनादू लागले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत दर सप्टेंबरला जमणाऱ्या भाविकांची भजने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना याविषयी अधिक सांगावयास नको. नगरच्या एका कवीने जे अर्धशतकापूर्वी मनाशी धरले होते, त्याला सबंध ख्रिस्तसभेने आपल्या परीने अनुमोदन दिले, असेच म्हणावे लागेल.

आपल्या शाळांपुढील प्रश्न

टिळकांच्या जीवनाकडे पाहताना आम्हांस एक प्रश्न स्वतःलाच विचारावासा वाटतो. ज्या गाण्यासाठी एका माणसाने आपले घर, नाते आणि प्रतिष्ठा पणास लावली, ते गाणे आपण पुढच्या पिढीच्या हाती देत आहोत काय? इंग्रजी गीतांना आमचा विरोध नाही. तीही ख्रिस्तसभेची संपत्ती आहेत आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ती गायिली जाणे स्वाभाविक आहे. तसेच कार्यक्रम नेटका व्हावा म्हणून ध्वनिमुद्रित संगीत वापरणाऱ्या शिक्षकांची अडचणही आम्ही जाणतो. दीडशे-दोनशे मुलांकडून प्रत्यक्ष गाऊन घेणे कष्टाचे असते आणि परीक्षांच्या धामधुमीत वेळ थोडा असतो. परंतु ज्या गीताचे शब्द मुलाला ठाऊक नाहीत, त्यावर त्याने केलेले हातवारे ही प्रार्थना होत नाही. प्रेक्षकांचे नेत्र सुखावतात, मुलाचे अंतःकरण मात्र रिकामेच राहते.

म्हणून आमच्या मुख्याध्यापकांना, धर्मभगिनींना आणि शिक्षक बंधुभगिनींना आमची नम्र विनंती आहे. नाताळच्या कार्यक्रमात इतर काहीही असो, निदान एक भजन आणि एक पाळणा असा असावा की जो मुले स्वतःच्या आवाजात, पाठ म्हणून, टाळ-मृदंगाच्या साथीने गातील. त्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या भजनी मंडळाच्या वृद्ध गायकास अथवा एखाद्या आजीबाईंना आगमनकाळात चार दुपारी शाळेत बोलवावे. त्यांना चाली ठाऊक आहेत. शिकवावयास कोणी बोलावले नाही, एवढीच त्यांची खंत आहे. कार्यक्रमाच्या शेवटी ते भजन समोर बसलेल्या सर्व पालकांनीही उचलून धरावे. तेव्हाच नाटिका आणि उपासना यांतील अंतर मिटेल.

नाताळच्या रात्री परमेश्वराचा शब्द देह धारण करून आपल्यात राहिला, ही आपली श्रद्धा आहे. तो कोणत्या तरी सर्वसाधारण मानवात अवतरला नाही. तो एका गावी, एका आईच्या कुशीत आला, तिच्याच भाषेत बोलू लागला आणि तिच्याच तोंडची स्तोत्रे शिकला. रेव्हरंड टिळकांनी हे मर्म ओळखले आणि त्या बाळाला मराठी आईच्या अंगाईने निजविले. तो वारसा आपल्या मुलामुलींच्या ओठी राहो आणि पुन्हा कधी वीज गेली, तर त्या अंधारात प्रथम मुलांचाच आवाज उठो, हीच बाळ येशूचरणी प्रार्थना.

आपणा सर्वांना नाताळच्या मंगल शुभेच्छा.